गर्दी आणि प्रवाशांची कालजाणीव : खडकवासला–स्वारगेट मार्गाच्या संदर्भात

घड्याळातील काळ सर्वांना समान असला, तरी अनुभवातील काळ तसा नसतो. खडकवासल्याहून सिंहगड रस्त्याने स्वारगेटकडे निघालेली पीएमपीएमएलची बस खच्चून भरली, की तेच अंतर लांबल्यासारखे वाटते. हा निव्वळ भ्रम मानून दुर्लक्षिता येत नाही.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आभासी वास्तवाच्या साहाय्याने भुयारी रेल्वेचा ६०, ७० व ८० सेकंदांचा प्रवास घडविण्यात आला. प्रति चौरस मीटर एक प्रवासी वाढताच भासमान काळ सरासरी १.८ सेकंदांनी वाढला. सर्वाधिक गर्दीचा प्रवास सर्वांत मोकळ्या प्रवासाहून सुमारे १० टक्के दीर्घ वाटला. ही वाढ अप्रियतेच्या भावनेशी निगडित आढळली. शरीराभोवतीच्या अवकाशावर अतिक्रमण झाले, की अस्वस्थ मन काळाकडेच लागून राहते.

खडकवासला–स्वारगेट–हडपसर–खराडी मेट्रोमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. अशा मार्गांचे मूल्यमापन केवळ वाचणाऱ्या मिनिटांवर करणे अपुरे ठरेल. डब्यातील दाटी मोजली नाही, तर घड्याळात वाचलेल्या वेळेचा काही भाग प्रवाशाच्या अनुभवात पुन्हा खर्ची पडेल. म्हणून फेऱ्यांची वारंवारता हा सोयीइतकाच कालनियोजनाचाही प्रश्न ठरतो.