होडी सूर्यात मावते तेव्हा

मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी रापण (मासेमारीचं लांब जाळं) ओढली जात असली की पर्यटकांचे मोबाइल आपोआप वर होतात. डोळ्यांना दिसतं ते केशरी आभाळ आणि त्यावर दोर खेचणाऱ्या काळ्या आकृत्यांची रांग. फोटोत मात्र सगळ्यांचे शर्ट उजळलेले आणि आभाळ फिकुटलेलं. ही मोबाइलची नको तिथली हुशारी. एचडीआर ही सोय कमी-जास्त प्रकाशातले अनेक फोटो एकत्र करून अंधारा भाग उजळवते, आणि छायाकृतीला नेमकं तेच नको असतं. ती बंद करता आली तर करावी, उजळ आभाळावर बोट टेकवावं आणि एक्स्पोजर खाली ओढावं. माणसं काळी पडतील. बेलाशक पडू द्यावीत.

आता चेहरे नाहीत, कपडे नाहीत. उरते फक्त कड. दोन माणसं एकमेकांआड आली की त्यांचा एकच गोळा होतो. मागे रेललेली पाठ, वाळूत रुतलेली टाच, कोपर आणि बरगड्यांमधून दिसणारी आभाळाची फट, एवढ्यावरच ‘ओढणं’ कळतं. शिवाय सपाट किनाऱ्यावर समुद्राचं क्षितिज कायम कॅमेऱ्याच्या उंचीवरून जातं. उभ्याने फोटो काढला तर ते समोरच्यांच्या मानेतून जातं, बसून काढला तर मांडीपाशी उतरतं आणि सगळं धड आभाळावर येतं.

मागचं आभाळ केशरी का? सूर्य क्षितिजावर असताना त्याचा प्रकाश, तो अगदी डोक्यावर असतानाच्या तुलनेत, सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतो. तरंगलांबी जितकी कमी तितका प्रकाश जास्त विखुरतो, हे पुढे लॉर्ड रॅले म्हणून ओळखल्या गेलेल्या जॉन स्ट्रट यांनी १८७१ मध्ये गणिताने मांडलं. निळा प्रकाश लालपेक्षा सुमारे सहापट विखुरतो, तो वाटेतच गळतो आणि केशरी-लाल उरतो.

खरी गंमत अंतराची आहे. आकाशात सूर्याचा व्यास जेमतेम अर्धा अंश. साडेपाच फुटी माणूस त्या थाळीत उभा मावायचा तर त्याच्यापासून सुमारे १८५ मीटर लांब जावं लागतं. दहा मीटरच्या होडीसाठी एक किलोमीटरहून जास्त. वीस मीटरवरून कितीही झूम केलं तरी माणूस सूर्याच्या नऊपटच राहणार, कारण झूम दोघांनाही सारखंच वाढवतं. आधी पाय, मग लेन्स. (डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावून लांब लेन्समधून सूर्य पाहू नये, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.)

आणि वेळ? थाळी क्षितिजाला टेकल्यापासून पुरती बुडेपर्यंत कोकणात साधारण सव्वादोन मिनिटं, थंडीत किंचित जास्त. त्यात जागा शोधत धावणं जमत नाही, ती आधीच हेरावी. पण एकदा हेरलेली जागा वर्षभर चालत नाही. मावळतीचं ठिकाण डिसेंबरात पश्चिमेच्या सुमारे २४ अंश दक्षिणेला असतं, जूनमध्ये जवळपास तितकंच उत्तरेला. डिसेंबरात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटामागे सापडलेला सूर्य एप्रिलमध्ये त्याच जागेवरून सापडणार नाही.

सूर्य बुडाला की गर्दी चहाकडे वळते. माझ्या मते खरं काम तिथून पुढे सुरू होतं. उंच ढगांवर अजून खालून ऊन पडत असतं, डोळ्यांत जाणारी चकाकी गेलेली असते, त्यामुळे कडा जास्त रेखीव येतात. प्रकाश मात्र भराभर घटतो. दोर ओढणारे हात फरफटलेले येऊ नयेत म्हणून शटर १/२५० सेकंदावर ठेवावं आणि आयएसओ वाढवावा. आभाळात थोडे दाणे आले तर येऊ देत.