लस टोचली आणि तिघे दगावले

११ ऑक्टोबर १९७६. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात फ्लूची लस टोचण्याचे काम जोरात चालू होते. त्या दिवशी एकाच केंद्रावर लस घेतलेली तीन वृद्ध माणसे काही तासांतच दगावली. दुसऱ्या दिवशी ही बातमी देशभर झाली. काही राज्यांनी लसीकरण ताबडतोब थांबवले. लसीनेच माणसे मारली, असे कोणालाही वाटेल. तुम्हाला काय वाटते?

ही मोहीम सुरू का झाली, ते आधी पाहू. त्याच वर्षी जानेवारीत न्यू जर्सीमधल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर नव्याने भरती झालेल्या जवानांत तापाची साथ आली. ४ फेब्रुवारीला एक तरुण जवान मरण पावला. तपासणीत काही जवानांच्या घशात डुकरांमध्ये आढळणारा फ्लूचा विषाणू सापडला. १९१८ च्या भयंकर साथीचा विषाणू याच कुळातला, असे तेव्हा मानले जाई. ती साथ मुंबई बंदरातून आपल्याकडे शिरली होती आणि भारतात एक कोटीहून अधिक माणसे त्यात गेली. तेव्हा शास्त्रज्ञांची झोप उडाली यात नवल नाही. २४ मार्चला अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सगळ्या देशाला लस टोचण्याचे जाहीर केले.

दरवर्षी येणाऱ्या फ्लूपेक्षा या विषाणूची भीती अधिक का? फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॲग्लुटिनिन (एच) आणि न्युरॅमिनिडेज (एन) ही दोन प्रथिने काट्यांसारखी उभी असतात. आपली प्रतिपिंडे विषाणूला मुख्यतः यांच्यावरूनच ओळखतात. ही प्रथिने दरवर्षी थोडी थोडी बदलतात, म्हणून लसही वरचेवर बदलावी लागते. पण याची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच डुकराच्या एकाच पेशीत दोन जातींचे विषाणू शिरले, तर पत्ते पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात आणि अगदी नवाच विषाणू तयार होऊ शकतो. तो कोणाच्याच ओळखीचा नसतो.

साधी सर्दी आणि फ्लू यांत आपण गल्लत करतो. सर्दी हळूहळू येते. फ्लूचा रोगी मात्र 'सकाळी बरा होतो, दुपारी आडवा झालो' असे सांगतो. सणसणून ताप, डोके आणि अंग ठणकणे, कोरडा खोकला, कमालीचा थकवा. बहुतेक जण आठवड्याभरात उठतात. धाप लागली, ओठ निळे पडले किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर मात्र दवाखाना गाठावा. प्रतिजैविकांचा विषाणूवर काहीही उपयोग होत नाही. लहान मुलांना ॲस्पिरिन तर देऊच नये.

आता पिट्सबर्गकडे वळू. हे गणित वर्गात जरूर करून घ्या. सत्तरी ओलांडलेल्या एक लाख लोकांपैकी वर्षाला पाच हजार मरतात असे धरा. म्हणजे रोज सुमारे १४. या एक लाखांना एकाच दिवशी लसीऐवजी नुसते पाणी टोचले, तरी पुढच्या २४ तासांत १४ जण मरणारच! पिट्सबर्गच्या तिघांनाही हृदयविकार होता. त्यांच्या मृत्यूशी लसीचा संबंध आढळला नाही.

मग लस निर्दोष ठरली का? नाही. नोव्हेंबरपासून वेगळ्याच तक्रारी येऊ लागल्या. पायांपासून वर चढत जाणारी कमजोरी, लुळेपणा. हा गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. इथेही तेच गणित लावले गेले. हा आजार एरवीही वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. म्हणजे एक कोटी लोकांत सहा आठवड्यांत १० ते २० रुग्ण अपेक्षितच. पण लस घेतलेल्यांत कोटीमागे सुमारे १०० रुग्ण जास्तीचे निघाले, आणि तेही लसीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गोळा झालेले. हा योगायोग नव्हता. तोवर सुमारे साडेचार कोटी लोकांना लस देऊन झाली होती. १६ डिसेंबरला मोहीम थांबवण्यात आली.

लाखात एक हा धोका मोठा की लहान? साथ पसरली असती तर तो क्षुल्लक ठरला असता. पण फोर्ट डिक्सचा विषाणू तळाबाहेर पसरलाच नाही. समोर रोग नसताना लाखात एक हाही धोका जास्तच. मार्चमध्ये निर्णय घेणाऱ्यांना हे कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून त्यांना मूर्ख ठरवणे मला पटत नाही. लस तयार करून ठेवायची, पण साथ दिसेपर्यंत टोचायची नाही, हा मधला मार्ग मात्र त्यांनी सोडला.

जीबीएस हे नाव आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात घरोघरी पोचले. तिथे फ्लूच्या लसीचा संबंध नव्हता. अनेक रुग्णांमध्ये पोटात संसर्ग करणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. खुद्द फ्लू झाल्यानंतरही जीबीएस होऊ शकतो. २००९ मध्ये डुकरांकडून आलेला एक नवा एच१एन१ विषाणू खरोखरच जगभर पसरला. भारतातला त्याचा पहिला बळी ऑगस्टमध्ये पुण्यात गेला. त्या साथीवरची लस देताना अमेरिकेत जीबीएसच्या रुग्णांची मोजणी पहिल्या दिवसापासून ठेवली होती. जास्तीचे रुग्ण निघाले ते दहा लाखांमागे दोन-तीनच्या घरात.