तेस्ताच्चो : जेवायचं कुठे, उतरायचं कुठे

रोममध्ये उत्तम जेवायचं तर तेस्ताच्चोला जावं, हा सल्ला आता सर्वत्र मिळतो आणि तो बरोबरच आहे. पण जेवण तिथे आहे म्हणून तिथलाच एखादा अख्खा फ्लॅट चार दिवसांसाठी भाड्याने घ्यावा, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. या वस्तीचं जेवण तिथे राहणाऱ्यांच्या जिवावर टिकलं आहे, आणि तिचा इतिहासच याला साक्षी आहे.

टायबरच्या काठी या भागात एक टेकडी आहे, सुमारे पस्तीस मीटर उंच, निव्वळ खापरांची. रोमन काळात मुख्यतः दक्षिण स्पेनमधून येणाऱ्या ऑलिव्ह तेलाचे रांजण रिकामे झाले की इथे फोडून रचले जात. म्हणजे शहराच्या पोटाची सोय पाहण्याचं काम या जागेकडे दोन हजार वर्षांपासून आहे. 1888 ते 1891 या काळात जोआक्कीनो एर्सोक या वास्तुविशारदाने टेकडीला लागून कत्तलखाना उभारला आणि शेजारी कामगारांच्या चाळवजा इमारती वाढल्या. जनावराचे चार चांगले भाग पैसेवाल्यांकडे जात. शेपूट, वजडी, आतडी, काळीज असा उरलेला 'पाचवा हिस्सा' कामगारांच्या वाट्याला येई, अनेकदा मजुरीचा भाग म्हणूनच. बायकांनी आणि खानावळवाल्यांनी तो तासन् तास शिजवला. टोमॅटो आणि सेलरीत मुरलेली बैलाची शेपटी, पुदिना आणि पेकोरीनो चीज घातलेली वजडी, दूधपित्या वासराच्या आतड्यांचा 'पायाता' घातलेला रिगातोनी पास्ता, हे सगळं त्यातूनच आलं. कत्तलखान्यासमोरची 'केक्कीनो' ही खानावळ 1887मध्ये सुरू झाली आणि पुढे हेच रांधत आली.

कत्तलखाना 1975 साली बंद झाला. कच्चा माल दारात मिळतो म्हणूनच हे पदार्थ होत असते, तर तेही तेव्हाच संपले असते. पुढे 'मॅड काऊ' रोगामुळे 2001मध्ये वासराच्या पायातावर बंदी आली, ती 2015पर्यंत टिकली. त्या काळात खानावळींनी कोकराची आतडी वापरून पदार्थ चालू ठेवला. मागणारं गिऱ्हाईक शेजारी राहत होतं, हेच त्याचं कारण. वस्तीचा बाजार 2012मध्ये नव्या इमारतीत गेला तेव्हाही भाजीवाले, खाटीक आणि उकडलेल्या मांसाचे पाव विकणारे एका छपराखाली राहिले. तो सोमवार ते शनिवार, दुपारपर्यंत चालतो. पहिलं जेवण तिथेच घ्यावं.

पर्यटक नसते तर यांतल्या निम्म्या खानावळी बंद पडल्या असत्या, असा आक्षेप येईल. पर्यटकाचा पैसा खानावळीला लागतो, हे मला मान्य आहे. पण खानावळीतली खुर्ची दोन तासांनी मोकळी होते. पर्यटकांसाठी राखलेलं घर शेजाऱ्याला परत मिळत नाही. दुसरा आक्षेप शाकाहारी वाचकांचा. त्यांच्यासाठी 'फेलीचे'सारख्या ठिकाणचा काचो ए पेपे हा चीज-मिरीचा पास्ता आहे, हिवाळ्या-वसंतात आर्टिचोक आहेत. मात्र त्यातलं पेकोरीनो रोमानो चीज कोकराच्या जठरातलं रेनेट वापरून विरजतात, हे कट्टर शाकाहाऱ्यांनी जाणून घ्यावं. सुप्पली या तळलेल्या भाताच्या गोळ्यातही बहुधा खिम्याचा रस्सा असतो, विचारून घ्यावं.

मग उतरायचं कुठे? लगतच्या आवेन्तीनो टेकडीवर, सांत आन्सेल्मो चौकाच्या आसपास शांत हॉटेलं आहेत. तिथून तेस्ताच्चो चालत गाठता येतं. ती महाग वाटली तर ओस्तिएन्से स्थानकाकडे बघावं. फ्युमिचीनो विमानतळाची लोकल थेट तिथे येते आणि लगतच्या पिरामीदे मेट्रोपासून कलोसियम दोन स्थानकांवर आहे. तेस्ताच्चोतच राहायचं असेल, तर घरमालक स्वतः राहत असलेल्या घरातली खोली घ्यावी आणि ती सांता मारीया लिबेरात्रीचे चौकाच्या बाजूची असावी, कारण खापरांच्या टेकडीभोवतीचे नाइटक्लब शनिवार-रविवारी पहाटेपर्यंत जागे असतात. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या प्रत्येक घराच्या जाहिरातीत राष्ट्रीय नोंदणी क्रमांक, म्हणजे 'CIN', देणं इटलीत आता सक्तीचं आहे. हा क्रमांक दिसत नसेल, तर जागा कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.