बेवारस साखर

साखरेचा इतिहास म्हटला की ऊस, बीट आणि गुलामांचे मळे इथवर आपण लगेच पोचतो. माझं कुतूहल मात्र कित्येक वर्षं अडकून पडलंय ते माल्टोजपाशी. मोड आलेल्या जवातली ही साखर, गोडीला ऊससाखरेच्या निम्म्याहूनही कमी. हिच्यावर यीस्ट पोसतं आणि बिअर होते. तीच साखर रसायनशास्त्राला पंचवीस वर्षं दिसूनही दिसली नाही, ही गोष्ट मला बिअरपेक्षा जास्त चढते.

रसायनज्ञ किर्खोफने 1811 मध्ये सेंट पीटर्सबर्गला स्टार्च आम्लात उकळून साखर केली. पेयाँ आणि पेर्सो यांनी 1833 मध्ये मॉल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातून, स्टार्चची साखर करणारं डायास्टेज हे विकर वेगळं काढलं. दोन्ही वाटांनी स्टार्चची साखरच होते, तेव्हा ती एकच, ग्लुकोज, असं मंडळींनी धरून टाकलं. ऑगस्तँ-पिएर द्युब्रन्फोने 1847 मध्ये हरकत घेतली: मॉल्टची साखर ध्रुवित प्रकाशाला ग्लुकोजपेक्षा कितीतरी जास्त वळवते, अर्थात ती निराळी. माणूस ऐरागैरा नव्हता. फ्रुक्टोजही त्यानेच ओळखलं होतं. तरी कुणी मनावर घेतलं नाही.

या बेवारस साखरेचा वारस निघाला इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटला. कॉर्नेलियस ओसलिव्हन, जन्म 1841, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या बँडनचा. लंडनला रसायनज्ञ हॉफमनच्या हाताखाली शिकला, त्याच्यामागे बर्लिनला गेला आणि परतल्यावर रुजू झाला तो बास कंपनीच्या बिअर कारखान्यात. याच गावची ‘पेल एल’ नावाची बिअर जहाजांतून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांपर्यंत येत असे.

ओसलिव्हनने स्टार्चवर मॉल्टचा अर्क चालवला आणि तयार झालेली साखर दोन प्रकारे मोजली: एकदा फेलिंगच्या निळ्या द्रावणाने, एकदा प्रकाशाच्या वळणाने. साखर ग्लुकोज धरली तर दोन्ही हिशेब जुळेनात. फेलिंगच्या कसोटीवर ही साखर ग्लुकोजच्या जेमतेम दोन तृतीयांश भरत होती. 1872 मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने हे छापलं. द्युब्रन्फो तेव्हा हयात होता.

प्राध्यापकांना जे सुचलं नाही ते कारखान्यातल्या माणसाला का सुचलं? माझं मत स्पष्ट आहे: तिथे चुकीच्या साखरेचे पैसे मोजावे लागतात. मॉल्टमधलं एक विकर स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून ग्लुकोजच्या दोन-दोन कड्या तोडत जातं. ती जोडी म्हणजे माल्टोज. गरम पाण्यात भिजवलेलं मॉल्ट 65 अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं की माल्टोज भरपूर होतं, बिअर हलकी आणि कडक उतरते. पारा सत्तरीपार गेला की ते विकर मरतं, यीस्टला न पचणारे स्टार्चचे तुकडे, म्हणजे डेक्स्ट्रिन, उरतात, बिअर जड लागते. बिअर करणारे हे हाताच्या अंदाजाने जाणून होते. ओसलिव्हनमुळे त्याचा हिशेब मांडता येऊ लागला.

बर्टनमध्ये त्या काळी आणखीही मोठी माणसं होती. ऑलसपकडे डायझो संयुगांचा शोध लावणारा पीटर ग्रीस, वर्दिंग्टनकडे होरेस ब्राउन. मालक एकमेकांचे हाडवैरी, पण त्यांचे रसायनज्ञ ‘बॅक्टेरियम क्लब’ नावाच्या मंडळात एकत्र बसून शास्त्रावर वाद घालत. कुणाचं गुपित कुठवर फुटलं असेल देव जाणे!

स्टार्च तोडणारी मॉल्टमधली विकरं बिअरपुरतीच नाहीत; मोड आणून वाळवलेल्या नाचणीतही ती असतात आणि बाळाच्या पेजेत कामी येतात. बाळाला पातळ पेज दिली तर पोटात धान्य कमी जातं, घट्ट दिली तर ते गिळत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात दाखवलं, की तांदळाच्या घट्ट पेजेत मोडाच्या धान्याचं थोडंसं पीठ मिसळलं तरी ती ओतण्याजोगी होते. पाणी वाढवावं लागत नाही, धान्य कमी करावं लागत नाही.