नळकांड्यातला वारा आणि पाच हॉर्सपॉवरची मोटर



लागणीच्या नोंदी घेत फिरत असता गट कचेरीत एका सभासदाने रंगीत पत्रक माझ्यापुढे ठेवले. त्यावर नरसाळ्यासारख्या नळकांड्यात बसवलेली पवनचक्की होती, तोंड दोन मीटर व्यासाचे. "साहेब, हे नरसाळं वारा दाबून चौपट करतं म्हणे. विहिरीवरची पाचची मोटर चालंल का? हप्ता ऊस बिलातून कापा." प्रश्न कर्जाचा आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहीत आहे.

पाटाचे पाणी अरुंद जागी जोरात वाहते, कारण त्याला दुसरी वाट नसते. आपल्या बॉयलरचा धूर चिमणीकडे नेणाऱ्या डक्टमध्येही चारी बाजूंनी पत्रा आहे आणि पंखा धूर ओढतो. उघड्या रानातल्या वाऱ्याला मात्र बांध नाही. गोदावरीच्या धारेत नरसाळे धरून पाहा, थोडे पाणी आत जाते, बाकीचे कडेने निघून जाते. वाराही तसाच. पुढचे तोंड रुंद केले की आत दाब साचतो आणि बराचसा वारा नळकांड्याला वळसा घालतो.

मग नळकांडे म्हणजे निव्वळ थाप का? तसेही नाही. शास्त्रज्ञांनी नरसाळे उलटे केले. पाते अरुंद गळ्यात आणि मागचे तोंड रुंद. हवा मागे हळूहळू पसरते, गळ्यात दाब उतरतो आणि पुढून जास्त हवा ओढली जाते. जपानच्या क्युशू विद्यापीठात मागच्या तोंडाला उभी कडही लावली, तेव्हा तेवढ्याच पात्यातून दुप्पट-तिप्पट वीज मिळाली. पण तोंड एकदम रुंद केले, तर हवा पत्रा सोडून भोवऱ्यात फिरते आणि फायदा बुडतो. न्यूझीलंडमध्ये 1990 च्या दशकात असे मोठे यंत्र उभारले होते. ते कागदावरच्या हिशेबाला उतरले नाही.

आता आपला हिशेब. वारा ताशी 18 किलोमीटर धरला, तर एक चौरस मीटर जागेतून सुमारे 70 वॅट शक्ती जाते. दोन मीटर व्यासाच्या तोंडाला झाली सव्वादोनशे. त्यातलीही सगळी हाती येत नाही. उघड्या पात्याला शंभरात 59 ही निसर्गाचीच मर्यादा आहे, आणि नळकांड्याचा हिशेब पात्यावर न करता सर्वांत रुंद तोंडावर केला, की तोही साधारण तिथेच येतो. प्रत्यक्षात हाती शंभर वॅट पडले तरी पुष्कळ. पाच हॉर्सपॉवर म्हणजे 3,700 वॅट! शिवाय वाऱ्याचा वेग निम्मा झाला की शक्ती आठवा हिस्सा उरते.

आणि आपल्याकडे वारा सुटतो कधी? आषाढ-श्रावणात, जेव्हा मोटरी बंद असतात. पौष-माघात उसाला पाणी हवे, तेव्हा पान हलत नाही. साताऱ्याकडे वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या चालतात, त्या उघड्या पात्यांच्या. तिथे डोंगरच वाऱ्याला वर दाबतो आणि त्या पत्र्याचा खर्च नाही. वादळात नळकांड्याचा पत्रा शिडासारखा वारा धरतो, त्यासाठी पायाही भक्कम लागतो.

घरात दोन दिवे आणि रेडिओ चालवायचा असेल, तर हौस म्हणून चालेल. मोटरीसाठी हप्ता बांधू नये. विकणारा दारात आलाच, तर "माझ्या रानात, मोजलेल्या वाऱ्यावर, वर्षाला किती युनिट?" एवढे लेखी मागावे, आणि कपातीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी तो कागद गट कचेरीत आणून दाखवावा.

— ऊस विकास अधिकारी