असे का होते? : वीज गेल्यावर सॉफ्टवेअर विचारते तो प्रश्न

नांदेड किंवा लातूरमधील ध्वनिमुद्रण कक्षात भीमगीताचे वा भजनाचे काम चालू असताना वीज गेली, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर संगीतनिर्मितीचे सॉफ्टवेअर अनेकदा विचारते की, आपोआप जतन झालेली प्रत उघडायची की मूळ फाइल. चालू काम रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत असते आणि सॉफ्टवेअर ठरावीक मिनिटांनी त्याची नोंद डिस्कवर करते, म्हणून हा प्रश्न उद्भवतो. ही नोंद वेगळ्या फाइलमध्ये होते, कारण लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट राहिलेली फाइल बिघडते, मात्र मूळ फाइल शाबूत राहते.

या प्रतीत बहुधा प्रत्यक्ष आवाज नसतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. सातबाऱ्यावर जमिनीची नोंद असते, जमीन नसते. त्याचप्रमाणे कोणता आवाज कोठे सुरू होतो, कोठे कापला आहे आणि किती मोठा ठेवला आहे, अशा नोंदीच या फाइलमध्ये असतात. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ आवाजाला मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते, त्यामुळे तो दर वेळी नव्याने लिहिणे परवडत नाही. म्हणूनच आवाजाच्या फाइली हरवल्या, तर जतन प्रत उघडूनही गायकाचा आवाज परत मिळत नाही.

प्रश्न समोर आल्यावर दोन्ही फाइलींची वेळ पाहावी, नवी प्रत उघडून वेगळ्या नावाने जतन करावी आणि आवाजांसह संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावे.