खाण आहे, भट्टी नाही

पर्थ, पश्चिम ऑस्ट्रेलिया

जगातल्या खाणींतून जेवढं लिथियम निघतं, त्यातला सुमारे एक तृतीयांश वाटा एकट्या ऑस्ट्रेलियाचा असतो, आणि तो जवळजवळ सगळा आमच्या या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यातला. ही बातमी आता जळगाव-धुळ्यापर्यंत पोचली आहे. घरून फोन आला की तब्येतीच्या आधी लिथियमची चौकशी होते. धुळ्याचा भाचा परवा म्हणाला, "मामा, तुमना तठे लिथियम निंघस, मंग तुमले काय कमी!" त्याच्या बोलण्यात कौतुक होतं आणि थोडा हेवाही. त्याला फोनवर जे सांगता आलं नाही, ते इथे लिहितो. त्याच्यासारखा समज आपल्याकडे बऱ्याच शिकल्या-सवरल्या माणसांचा आहे: जमिनीत खनिज सापडलं की देश सुटला.

पर्थपासून दक्षिणेला अडीचशे किलोमीटरवर ग्रीनबुशेस नावाचं गाव आहे. वस्ती काही शेकड्यांची, भोवती जर्राच्या उंच झाडांचं जंगल. 1888 पासून इथे कथिल काढत, पुढे टँटलम, आणि 1980 च्या दशकापासून लिथियम. कठीण खडकातून लिथियम काढणारी जगातली सर्वांत मोठी खाण ती हीच. गावाच्या कडेला खाण पाहायला एक सज्जा बांधलेला आहे. कोणीही जावं, उभं राहावं, खाली अवाढव्य खड्ड्यात मुंगीएवढे दिसणारे डंपर पाहावेत. आपल्याकडे साध्या दगडखाणीच्या तोंडाशीही पहारेकरी हटकतो, त्यामुळे मला या उघडेपणाचं फार अप्रूप वाटलं. खरा धक्का मात्र पुढे बसला. या खड्ड्यातला खडक फोडतात, दळतात, त्यातलं स्पोड्युमिन नावाचं खनिज वेगळं करतात आणि ती राखाडी भुकटी बनबरी बंदरातून जहाजात भरून चीनला पाठवतात. बॅटरीला लागणारं लिथियम हायड्रॉक्साइड बहुतांश तिकडच्या भट्ट्यांत तयार होतं. म्हणजे खड्डा इथे, धूळ इथे, आणि किंमत वाढते ती दुसऱ्याच्या अंगणात.

खान्देशी माणसाला हे समजायला एक मिनिट लागत नाही. आपण कापूस पिकवतो, जिनिंगमध्ये सरकी वेगळी करतो, रुईच्या गाठी बांधतो आणि ट्रक हायवेला लागतो. सूत, कापड, शिवण, ब्रँड, सगळं पुढे कुठेतरी. भाव मात्र त्या पुढच्याच्या हातात. एके काळी अमळनेरला प्रताप शेठजींची मिल होती, धुळ्याला, चाळीसगावला, जळगावला गिरण्या होत्या. त्या बंद पडल्या आणि आपण पुन्हा गाठी बांधणारे झालो. त्याच अमळनेरात 1945 मध्ये शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप करणारी एक कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो झाली. शेंगदाणा तर सगळीकडेच पिकत होता. फरक पडला तो गावात कारखाना निघाल्यामुळे, हे खान्देशाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

ऑस्ट्रेलियासारखा श्रीमंत देशही गाठी बांधणाराच राहिला, कारण स्पोड्युमिनचं हायड्रॉक्साइड करणं सोपं नाही. भुकटी हजार अंशांच्या वर भाजायची, मग सल्फ्युरिक आम्लाबरोबर पुन्हा तापवायची, पाण्यात उतरवायची, अशुद्धी काढत काढत बॅटरीला चालेल इतकी शुद्ध करायची. पर्थच्या दक्षिणेला क्विनानाच्या औद्योगिक किनाऱ्यावर असा एक कारखाना 2016 मध्ये बांधायला घेतला. बॅटरीच्या दर्जाचा पहिला माल बाहेर पडायला 2022 उजाडलं. पैसा होता, खनिज दाराशी होतं, तरी एवढी वर्षं गेली. भट्टी चालवणारे हात, रसायन समजणारे अभियंते आणि बिघाड ओळखणारे अनुभवी फोरमन चीनने दोन-तीन दशकं पोसले. इथे ते तयारच नव्हते. त्यात 2022 च्या अखेरीस शिखरावर असलेला लिथियमचा भाव पुढच्या दोन वर्षांत ऐंशी टक्क्यांहून जास्त कोसळला. काही खाणींना कुलूप लागलं, भट्ट्या मंदावल्या. इंडोनेशियाच्या स्वस्त निकेलने इथल्या निकेलच्या खाणी बसवल्या. माझा एक शेजारी इलेक्ट्रिशियन, दोन आठवडे खाणीवर आणि एक आठवडा घरी अशा पाळीने विमानाने ये-जा करणारा, त्या काळात पाच महिने घरी होता. त्याची बायको शाळेत शिकवते म्हणून कर्जाचा हप्ता निघाला. तेव्हा भाच्या, आमच्याकडे कमी ती ही.

या अडचणीवर इथल्या संसदेने फेब्रुवारी 2025 मध्ये जो कायदा केला, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. 'फ्यूचर मेड इन ऑस्ट्रेलिया' या नावाखालच्या या कायद्यात 31 महत्त्वाच्या खनिजांवर देशातच प्रक्रिया आणि शुद्धीकरण करणाऱ्याला त्या खर्चाच्या 10 टक्के करसवलत आहे. जुलै 2027 पासून 2040 पर्यंत, एका प्रकल्पाला जास्तीत जास्त दहा वर्षं. खोदण्याला एक पैसाही नाही. आणि शुद्ध माल तयार झाल्यावरच सवलत. कोनशिला बसवली, मंडप टाकला म्हणून काही मिळत नाही. दहा वर्षांत सुमारे 700 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा भार सरकारी तिजोरीवर पडेल, असा अंदाज मांडला गेला. विरोधी पक्षाने हे अब्जाधीशांना पैसे वाटणं आहे म्हणत कडाडून विरोध केला. महिनोन्महिने रेडिओवर, ट्रेनमध्ये, डेंटिस्टच्या खुर्चीत माणसं याच्यावर बोलत होती. खर्च कोणाचा, फायदा कोणाचा, किती वर्षं, हे आकड्यांनिशी. कायदा मंजूर होण्याआधीच दुकानदारालाही तो ठाऊक होता, हे मी आपल्याकडे कधी पाहिलं नाही, आणि इथेच माझी चिडचिड सुरू होते.

कारण कायदा तर आपणही केला. ऑगस्ट 2023 मध्ये खाण आणि खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन लिथियमसह सहा खनिजं अणुखनिजांच्या यादीतून बाहेर आली, खासगी कंपन्यांना दार उघडलं, आणि 24 महत्त्वाच्या खनिजांच्या लिलावाचा अधिकार केंद्राकडे गेला. महसूल राज्यालाच. दुरुस्ती चांगली होती. पण जळगावच्या कोणत्या चहाच्या टपरीवर तिची चर्चा झाली? त्याच वर्षी फेब्रुवारीत जम्मूच्या रियासीत 59 लाख टनांच्या लिथियम साठ्याची बातमी आली तेव्हा मात्र मला एका दिवसात डझनभर संदेश आले की भारत आता लिथियमचा राजा. तो आकडा खनिजाच्या प्राथमिक अंदाजाचा होता, धातूचा नव्हे. त्या साठ्याच्या लिलावाला पुरेशा बोलीसुद्धा आल्या नाहीत. चिकणमातीसारख्या त्या खनिजातून लिथियम कसं काढायचं याचं तंत्र हातात नसताना पैसे कोण लावणार?

जानेवारी 2025 मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर केलं. सरकारी कंपन्यांची गुंतवणूक धरून सात वर्षांत 34,300 कोटी रुपये. त्यात प्रक्रिया पार्कही आहेत. परदेशी खाणी मिळवायला 'काबिल' ही सरकारी कंपनी 2019 पासून आहे. तिने अर्जेंटिनात कातामार्का प्रांतात पाच ब्लॉक घेतले आहेत, आणि इथल्या सरकारशीही 2022 मध्ये समझोता केला. हे सगळं मी इथल्या मित्रांना अभिमानाने सांगतो. ते विचारतात, शुद्धीकरण कुठे करणार? तिथे माझं बोलणं अडतं.

हा प्रश्न दूरच्या उद्योगपतींचा आहे असं कोणाला वाटत असेल तर साक्रीला जा. शिवाजीनगरचा 125 मेगावॉटचा महानिर्मितीचा सौर प्रकल्प तिथे 2013 पासून आहे. ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची रांग आहे. पारोळ्या-एरंडोलच्या शेतात सौरपंप बसले. पॅनेल जोडतो आपण, पण त्यातल्या सिलिकॉनच्या चकत्या जवळजवळ सगळ्या बाहेरून. चीनने एप्रिल 2025 मध्ये सात दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि पुण्याच्या बजाज ऑटोला त्या जुलै-ऑगस्टमध्ये इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन कमी करावं लागलं. मोटारीतल्या एका चुंबकापायी. खान्देशात वीज जाते तेव्हा आपण महावितरणला शिव्या घालतो. पुढच्या पिढीत वीज अडली तर ती अशा ठिकाणी अडेल जिथे शिवी ऐकायलाही कोणी नसेल.

आणि एक खनिज तर आपल्या उंबऱ्यालाच आहे. नंदुरबार 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. त्याच नंदुरबारमधल्या धडगावच्या सातपुड्यातून नर्मदा ओलांडली की पलीकडे गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात अंबाडुंगर. तिथला खडक भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. दख्खनच्या लाव्ह्याच्या काळात वर आलेला कार्बोनेटाइट, पोटात फ्लोरस्पार आणि दुर्मीळ मृदा. फ्लोरस्पार तिथे कित्येक दशकं काढला गेला. आता गुजरातच्या खनिज महामंडळाची दुर्मीळ मृदा काढण्याची तयारी चालू आहे. गावं आदिवासींची आहेत. अलीकडच्या काठावर मणिबेलीपासून आपलीच माणसं सरदार सरोवराच्या पाण्यात गेली. विस्थापन म्हणजे काय हे त्या दोन्ही काठांना शिकवावं लागत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अशा महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. देशाची गरज तातडीची आहे, हे कारण. मला हे पटत नाही, आणि ऑस्ट्रेलियात राहून तर मुळीच पटत नाही. हा देश काही संत नाही. मे 2020 मध्ये रिओ टिंटोने जुकान गॉर्जमधल्या, मूळनिवासींच्या 46,000 वर्षांच्या वावराच्या खुणा असलेल्या गुहा सुरुंगाने उडवल्या, तेही कायद्याने दिलेल्या परवानगीने. संतापाच्या लाटेत कंपनीच्या प्रमुखाला जावं लागलं. राज्याने नवा वारसा कायदा आणला, तो जुलै 2023 मध्ये लागू झाला आणि शेतकऱ्यांनी ओरड केल्यावर पाच-सहा आठवड्यांत मागे घेण्याचं जाहीर केलं. तरीही 1993 च्या नेटिव्ह टायटल कायद्याने मूळनिवासींना खाणवाल्यांशी वाटाघाट करण्याचा हक्क दिला आहे. नकाराचा अधिकार नाही, पण समोर बसून बोलावं लागतं, बऱ्याचदा नोकऱ्या आणि वाटा कागदावर लिहून दिला जातो. खाणींच्या कंपन्याच मला सांगतात की बोलणी आधी झाली तर पुढे काम अडत नाही. आपल्याकडे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांसाठीचा पेसा कायदा 1996 चा आहे, वनहक्क कायदा 2006 चा. ग्रामसभा आहेत. ही व्यवस्था हाताशी असताना सुनावणीचा दिवस वाचवून काय मिळवणार?

खान्देशाकडे जे आहे ते मी इथे बसून मोजतो. जळगावच्या विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे. तिथली पोरं अंकलेश्वर-वापीला आम्लाच्या टाक्यांजवळ रात्रपाळ्या करतात. क्विनानाला ज्या हातांची वाण पडली ते हे हात. धुळ्याहून सुरतकडे हायवे आहे, हजिऱ्याचं बंदर आहे, दीपनगरची वीज आहे. प्रक्रिया पार्क कुठे व्हावेत याची चर्चा दिल्लीत होईल तेव्हा खान्देशाचं नाव कोणी घेतलं नाही, तर तो दोष आपला.

म्हणून वाचकांना विनंती आहे. जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार, या चारही मतदारसंघांतल्या लोकांनी आपापल्या खासदारांना दोन प्रश्न लेखी विचारावेत: शुद्धीकरणाचा एखादा प्रकल्प आपल्या एमआयडीसीत यावा म्हणून तुम्ही काय केलंत, आणि खाणींच्या जनसुनावणीबद्दल संसदेत तुमचं मत काय आहे? उत्तरही लेखीच मागा.